मेलेल्या मशीनचा वारस

क्वाद्वो बोआहेनेनं आयुष्यात जिवापाड जपली ती एक निळी वही. तिच्यात मेलेल्या कॉम्प्युटरांचे स्टिकर चिकटवलेले. हसा, खुशाल हसा. मीही बावीस वर्षं हसले.

न्क्वांतापोनच्या आमच्या अध्यापक कॉलेजात तो कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा आणि मी भांडार. दोघांमध्ये भिंत एकच, आणि भिंतीला वर जाळीची खिडकी. त्यामुळं त्याचा खोकला मला ऐकू यायचा आणि माझं पुटपुटणं त्याला. तो सोमवारी जन्मला म्हणून क्वाद्वो, मी सोमवारी जन्मले म्हणून अद्वोआ. सोमवारची माणसं शांत असतात, असं आमच्याकडं म्हणतात. असतीलही. आमच्या दोघांच्या वाटणीची शांती तो एकटाच घेऊन गेला, माझ्या वाट्याला नुसती जीभ आली.

रोज सकाळी लॅबचं कुलूप काढताना तो म्हणायचा, "थकलो गं, अद्वोआ."

मी म्हणायची, "अजून दिवस सुरू व्हायचाय, मेल्या."

"म्हणूनच."

एवढं बोलणं झालं की आमची सकाळ झाली. बायको तिच्या माहेरी, मुलं शहरात, आणि हा कॉलेजच्या एका खोलीच्या घरात. दुपारी भाजलेलं केळं आणि मूठभर शेंगदाणे, संपला विषय. माणूस थकणार नाही तर काय?

आणि थकवायला वीज होतीच. आमच्या गावची वीज जाते त्याचं काही नाही, ती परत येते तेव्हा जीव घेते. येताना अशी धाडकन येते की एखाद्या मशीनच्या पोटातून धूर निघतो. बाहेरच्या देशातून वापरून, कंटेनर भरून आलेली ती मशीनं, आधीच म्हातारी. बावीस वर्षांत अशी अकरा गेली.

मशीन मेलं की क्वाद्वो माझ्या भांडारातली किटली मागून न्यायचा. मी आधी समजायची, चहा करतोय. कसला चहा! प्रत्येक मशीनच्या पाठीवर एक स्टिकर असतो, त्यावर अक्षरं आणि आकडे. आत जी विकतची सिस्टीम चालते, ती चालवायची परवानगी म्हणजे तो स्टिकर. हा पठ्ठ्या किटलीच्या वाफेवर तो स्टिकर अलगद सोडवायचा, वहीत चिकटवायचा आणि खाली सुबक अक्षरात लिहायचा: 'मशीन चार. बॉडी नंबर अमुक. दुसऱ्या कंटेनरमधून आलं. मृत्यू: वीज आली तेव्हा. वारस: मशीन सात.'

"वारस?" मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या हातातून किटलीच पडायची राहिली. "आणि सातच का रे? पाच नंबरनं काय पाप केलं?"

"पाच वेगळ्या कंटेनरमधलं. चार आणि सात एकाच कंटेनरमधून आली, म्हणजे एका आईची. माणूस मेला की त्याचं कुणाला जातं? पोटच्या पोरांना जातं का? आईकडच्यांना जातं. आधी भाऊ, मग बहिणीची मुलं."

"अरे, माणसांचे कायदे डबड्यांना लावतोस?"

"मग कुणाचे लावू? डबड्यांचे कायदे मला कुणी सांगितलेत?"

डोंबल! मला तरी कुठं कुणी सांगितले होते?

त्याला स्वतःला भाचा नव्हता, भाची नव्हती. एकुलती एक बहीण, ती दहा वर्षांची असतानाच तापानं गेली. मुलं बायकोच्या कुळाची, ह्याच्यामागं ह्याचं घ्यायला कुणी नाही, हे सगळ्या स्टाफला माहीत होतं. कॉलेजातली पोरं मात्र त्याला वोफा म्हणायची, म्हणजे मामा. आमच्याकडं मामा म्हणजे नुसता लाड करणारा माणूस नव्हे. ज्याचं सगळं एक दिवस आपल्याकडं यायचं, तो मामा.

आता अफ्रियेबद्दल सांगते. सांगताना मलाच त्रास होतो, पण ते गाळून पुढं जाता येणार नाही. गाळण्यानंच तर सगळं झालं.

अफ्रिये कोकोच्या मळ्याकडच्या खेड्यातून आलेली, बावीस वर्षांची, जन्मापासून आंधळी. शिक्षिका व्हायचं एवढंच तिच्या डोक्यात. ज्यांना दिसत नाही त्यांना परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला कॉलेज एक माणूस देतं. गेल्या वर्षी तो माणूस मी होते. आदल्या तीन दिवसांत मी होस्टेलच्या साडेतीनशे गाद्या मोजल्या होत्या, पाय सुजून भाकरीसारखे झालेले, आणि खोलीत पंखा बंद. वाचता वाचता माझा डोळा लागत होता. प्रश्नपत्रिकेतली चौथं आणि पाचवं अशी दोन पानं एकमेकांना चिकटली होती. मी दोन्ही कागद एकदम उलटले. तिसऱ्या पानावरून थेट सहाव्यावर गेले, आणि मला कळलंसुद्धा नाही.

तिला संध्याकाळी कळलं, जेवणघरात मुली त्या न वाचलेल्या प्रश्नांवर बोलत होत्या तेव्हा. नऊ मार्कांनी नापास झाली. वर्ष गेलं. ती माझ्याकडं भांडायला आली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. ती आलीच नाही. मीही गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? एका भिंतीआड, एका आवारात, आम्ही दोघी वर्षभर एकमेकींना नुसत्या 'गुड मॉर्निंग' म्हणत राहिलो.

क्वाद्वो मला काही बोलला नाही. त्यानं फक्त माझ्या भांडाराच्या वरच्या फळीवरचं एक खोकं खाली उतरवलं. त्यात ब्रेलचा प्रिंटर होता, जाड कागदावर ठिपके उठवणारा. कुणीतरी परदेशातून पाठवलेला, पाच वर्षं तसाच पडून. कारण तो फक्त विकतच्या सिस्टीमच्या जुन्या आवृत्तीशी बोलायचा, आणि लॅबमधल्या सगळ्या मशीनांवर तोवर नवी आवृत्ती चढली होती. नवीशिवाय विद्यार्थ्यांची नावं सरकारच्या पोर्टलवर जात नव्हती, आणि जुनीशिवाय प्रिंटर हलत नव्हता.

मग क्वाद्वोनं सात नंबरच्या मशीनमध्ये दोन्ही बसवल्या. मशीन चालू केलं की ते विचारायचं, जुनी उठवू की नवी? एक उठली की दुसरी झोपलेली. ज्या दिवशी त्या प्रिंटरनं पहिला कागद बाहेर टाकला, त्या दिवशी अफ्रियेनं त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "मामा, इथं एक ठिपका जास्त आहे."

"वीज हलली," तो म्हणाला.

"मग विजेला मार्क कमी द्या."

परीक्षा मंडळाला त्यानं एकामागून एक चार पत्रं लिहिली. शेवटी मंडळानं मानलं: परीक्षेच्या सकाळी पेपर आमच्याच कॉलेजात ब्रेलमध्ये छापायचा, प्रिन्सिपॉलच्या समोर. वाचून दाखवणारं माणूस नको. हे पत्र आलं तेव्हा मी भांडारात दार लावून रडले. सुटल्यासारखं वाटलं मला. निवृत्तीला दोन महिने राहिलेल्या त्या थकलेल्या माणसानं माझी चूक निस्तरली होती.

आणि परीक्षेच्या तीन आठवडे आधी मिस कोर्कोर आली.

ज्या संस्थेनं आम्हाला मशीनं दिली होती, तिच्यातर्फे अक्राहून, राजधानीहून, तपासणीला आलेली ही बाई. तिशीची, बारीक, बुटांवर धूळ, आणि दोन दिवसांतलं आमचं चौथं कॉलेज. खुर्ची दिली तर ती खुर्चीत बसली नाही, कोसळली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्यातलीच आहे. मालाची यादी घेऊन मीही लॅबमध्ये उभी होते.

तिनं एकेक मशीन चालू करून बघितलं. सातवर थांबली. वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडं पापा म्हणतात, तसं म्हणाली,

"पापा बोआहेने, ह्याच्यात दोन सिस्टीम आहेत."

"आहेत. पण एका वेळी एकच चालते, बाई. एक जागी असली की दुसरी गाढ झोपलेली."

"झोपली असली तरी तिचं लायसन्स लागतं. जेवढ्या बसवल्या, तेवढी लायसन्स. एका वेळी किती चालतात हे कुणी विचारत नाही."

"असं कसं? माझे शर्ट दोन आहेत, घालतो मी एका वेळी एकच."

"पण विकत दोन्ही घेतलेत ना, पापा?"

मी तोंडापुढं यादीचा कागद धरला. क्वाद्वोनं मशीन फिरवून पाठ पुढं केली. मग म्हणाला, "जुन्याचं लायसन्सही आहे की. ह्याच्या पाठीवरच चिकटवलेलं आहे."

"ते होतं. तुमच्या कॉलेजनं नवी सिस्टीम घेतली ती पूर्ण विकत नाही घेतली, जुनी देऊन नवी घेतल्यासारखी कमी किमतीत घेतली. तसं घेतलं की जुनं लायसन्स नव्यात मुरतं. ते वेगळं वापरता येत नाही."

"मग जुनी एक नवीन विकत घेऊ."

"आता ती विकतच नाहीत."

एवढं झालं तरी क्वाद्वो गालात हसत होता. मला माहीत होतं तो का हसतोय. त्यानं खण उघडला, निळी वही काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं ठेवली. "हेच विचाराल म्हणून बावीस वर्षं जपलंय. अकरा आहेत. सातला चारचं लायसन्स वारशानं आलेलं आहे. बघा, लिहिलंय."

ती बाई पानं उलटत गेली. एका पानावर हसली, दुसऱ्यावर हसायची थांबली. वही तिनं मिटली नाही, तशीच उघडी धरून म्हणाली, "पापा, ही लायसन्स मशीनबरोबर आलेली. अशी लायसन्स त्या मशीनबरोबर जगतात आणि त्याच्याबरोबरच मरतात. ह्यांना वारस नसतो."

"भाऊसुद्धा नाही?"

"नाही."

"एकाच कंटेनरमधला सख्खा भाऊ?"

"कुणीच नाही, पापा."

"तुम्ही अक्राकडची, गा जमातीची माणसं," क्वाद्वो हळूच म्हणाला. "तुमच्यात बापाकडून जातं. म्हणून तुम्हाला—"

"बापाकडूनही नाही जात." आणि मग तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिनं समजावल्यासारखं सांगितलं, "ते मदरबोर्डला बांधलेलं असतं. बाकी काहीही बदला, पंखा बदला, डिस्क बदला. मदरबोर्ड तोच हवा, आणि स्टिकर त्याच्याच अंगावर हवा."

"म्हणजे जातं ते आईकडूनच!"

आम्ही तिघंही हसलो. पण ती लगेच म्हणाली, "आई असेल तर. ह्या अकरांच्या बॉड्या कुठं आहेत?"

क्वाद्वोनं माझ्याकडं बघितलं. दोन वर्षांपूर्वी मी ती सगळी भंगारवाल्याला दिली होती. कागदावर क्वाद्वोची सही होती. तोच तर म्हणाला होता, स्टिकर काढून घेतलेत, उरली ती नुसती कातडी, टाक देऊन.

मिस कोर्कोरनं डोळे चोळले. "मी पुढं दोन कॉलेजं करून शुक्रवारी परतताना येते. तोवर सातवरची जुनी सिस्टीम पुसलेली हवी. नाहीतर सगळ्या लॅबला सील लावा, असं मला लिहावं लागेल. मला लिहायचं नाहीये, पापा. पण माझ्या अहवालावरही कुणीतरी सही करतं."

दारात कुणीतरी हललं. अफ्रिये होती, काठी भिंतीला टेकवून उभी. किती वेळ, कोण जाणे.

"म्हणजे मॅडम पोकुआ वाचणार," ती म्हणाली.

टोमणा असता तर मी परतवला असता. तिनं ते असं म्हटलं, जसं उद्या बाजाराचा वार आहे असं म्हणतात. आणि काठी उचलून गेली. पोकुआ म्हणजे मीच. यादी तिथंच टाकून मी भांडारात येऊन बसले.

त्या दुपारी क्वाद्वोचं केळं कागदात तसंच राहिलं. जाळीतून आवाज आला, "अद्वोआ."

"काय?"

"बावीस वर्षं मी काय करत होतो गं?"

मला भांडता येतं, चिडवता येतं. अशा प्रश्नाला काय म्हणतात ते मला येत नाही. मी म्हटलं, "केळं खा."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी माल बाहेर गेल्याच्या पावत्या काढल्या. भंगारवाल्याचं गाव तरी सापडेल, एखादी बॉडी अजून पडलेली असेल, असं वेड डोक्यात. पाय ठणकत होते म्हणून टेबलाखाली उशी घातलेल्या खोक्यावर नेहमीसारखे वर घेतले आणि पावती वाचली. दहा नग. परत वाचली. दहा.

वहीत तर अकरा होते.

आणि मग मला तो हातगाडीवाला आठवला. "मावशी, अकरावं मावत नाही. परत येतो," म्हणालेला, आणि कधी परत न आलेला. अकरावं मी ठेवून घेतलं होतं. तसं ते आधीपासून माझ्याच टेबलाखाली होतं, सुजलेले पाय ठेवायला बरं पडायचं म्हणून. वर उशी घातली, उशीवर जुनं कापड घातलं, आणि विसरून गेले. कागद चाळत मी गावभर जे शोधत होते, त्याच्यावरच पाय ठेवून बसले होते. मूर्ख बाई!

"क्वाद्वो!" मी अशी ओरडले की प्रिन्सिपॉलच्या ऑफिसातून शिपाई धावत आला.

ते तीन नंबरचं मशीन होतं. उशी काढली तेव्हा वर माझ्या दोन टाचांचे खळगे पडलेले. क्वाद्वो त्याच्यापुढं जमिनीवर बसला, पत्रा उघडला, आणि आतून झुरळांचं अख्खं गाव बाहेर पडलं. मी खुर्चीवर चढले. तो हललाही नाही. आरशात बघावं तसा त्या हिरव्या मदरबोर्डाकडं बघत होता.

"मेलंय?" मी विचारलं.

"तीन कपॅसिटर फुगलेत. बाकी..." त्यानं बोटानं धूळ पुसली. "अद्वोआ, हे बहुतेक मेलंच नव्हतं. मी तेव्हा थकलो होतो. स्टिकर काढला आणि मोकळा झालो."

थकल्यावर माणूस काय काय करतो, ते मला शिकवायला नको.

गुरुवार सगळा त्यात गेला. मुलांच्या होस्टेलचा बंद टीव्ही फोडून त्यातले कपॅसिटर काढले. दुपारी सगळं जोडलं तर वीजच गेली. चार वाजता आली, ह्या खेपेला कधी नव्हे ती हळूच आली. क्वाद्वोनं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. अफ्रिये शेजारी स्टुलावर बसली होती. आमच्या दोघांच्या आधी तिलाच कळलं. म्हणाली, "पंखा फिरतोय." मग टीं असा बारीक आवाज आला. क्वाद्वो भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि म्हणाला, "थकलो गं." ते मला त्या दिवशी गाण्यासारखं गोड लागलं.

शुक्रवारी सकाळी परत किटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वहीतून मशीनवर स्टिकर जायचा होता. क्वाद्वोनं किटली धरली, स्टिकर मी धरला. वाफ देत देत सोडवला. एक कोपरा फाटला, पण अक्षरं शाबूत राहिली. तीन नंबरच्या पाठीवर त्याची जुनी चौकोनी खूण अजून दिसत होती. बरोबर तिथं चिकटवला.

मिस कोर्कोर अकरा वाजता आली. तिनं बॉडीवरचा नंबर वाचला, वहीतला वाचला, परत बॉडीवरचा वाचला.

"स्टिकर काढायचाच नव्हता, पापा."

"आता कळलं."

"ह्या वहीत तुम्ही बॉडीचा नंबर लिहिला नसता, तर हा ह्याचाच आहे हे कशावरून म्हणायचं? मी काही करू शकले नसते." तिनं पेन काढलं. "मशीन तीन. एक सिस्टीम, एक लायसन्स, स्वतःच्या अंगावर. ते ह्या मशीनवरून दुसरीकडं हलवायचं नाही. कधीच नाही."

"आणि सात?"

"सातवरची पुसा. माझ्यासमोर."

त्यानं पुसायला घेतली. पडद्यावर प्रश्न आला, नक्की पुसायची का? क्वाद्वो मोठ्यानं म्हणाला, "नक्की नाही. पण पूस." आणि बटण दाबलं. जाताना ती बाई माझ्याकडून पिण्याच्या पाण्याची पिशवी घेऊन गेली आणि म्हणाली, असं वारस लिहिलेलं रजिस्टर मी आयुष्यात पाहिलं नाही. मी म्हटलं, पाहणारही नाहीस.

परीक्षेच्या सकाळी जाळीतून प्रिंटरचा आवाज येत होता, मका भाजताना फुटतो तसा. मी भांडारात बसून होते. तीन तास. आत अफ्रिये बोटांनी स्वतःचा पेपर स्वतः वाचत होती, आणि मला कुणी बोलावलं नाही. आयुष्यात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

महिनाअखेरीला क्वाद्वो निवृत्त झाला. निरोपाला जेवण, फॅन्टा, प्रिन्सिपॉलचं लांबलचक भाषण. नोकरी गेली की घर जातं, ते नोकरीला बांधलेलं. दोन पिशव्या घेऊन तो गाडीच्या थांब्यावर उभा होता. वही कुठं दिसेना.

"वही राहिली का रे?"

"दिली."

"कुणाला?"

"आहे एक." गाडी आली. चढताना म्हणाला, "पाय वर ठेवत जा." आता गावी असतो. फोन लावला तर उचलतो, 'थकलो गं' म्हणतो आणि ठेवतो.

निकाल लागला, अफ्रिये पास झाली. चांगल्या मार्कांनी. नेमणूक गावातल्याच प्राथमिक शाळेत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती भांडाराच्या दारात आली, एका हातात काठी, काखेत जाड कागदांचा हा एवढा गठ्ठा. विचारल्याशिवाय आत आली आणि चाचपून खुर्ची ओढून बसली.

"मामांनी दिलंय. शेवटचा महिनाभर रोज जेवायच्या सुट्टीत वही टाइप करत होते, तीन नंबरवर. सगळी छापलीय. तुम्हाला वाचून दाखव म्हणाले."

"मला? मला डोळे आहेत की."

"तेच म्हणाले ते. डोळे आहेत, म्हणून वाचून दाखव."

मग ती वाचायला लागली. मशीन एक. मशीन नऊ. बॉडी नंबर. मृत्यू. वारस. ज्या ज्या ठिकाणी त्यानं वारस लिहिला होता, तिथं आता पुढं लिहिलेलं: 'ही माझी चूक.' दुपार झाली. तिचा आवाज एकसुरी, वारा बंद. माझी मान लवली असावी.

"मॅडम, झोपलात?"

"नाही गं."

"झोपा हवं तर. मी थांबेन. पान गाळणार नाही."

मी सरळ बसले. तिनं पुढच्या कागदावर बोट ठेवलं.

"मशीन तीन," ती वाचू लागली. "मेलं असं समजलो. मेलं नव्हतं. दोन वर्षं अद्वोआच्या पायांखाली होतं, त्याच्या आधीही होतं, आणि तिथं सुरक्षित होतं. लायसन्सला वारस नसतो. सांभाळण्याला असतो. वारस: अफ्रिये. दर शुक्रवारी येऊन धूळ काढावी, पंखा ऐकावा. पुढच्या वर्षी दोन मुलं येतायत, त्यांना दिसत नाही. त्यांचे पेपर हिनं छापावेत. वाचायला कुणाला बसवू नये. माणसं थकतात."

बोट कागदाच्या कडेला थांबलं. बाहेर कुणीतरी बादली आपटत चाललं होतं.

"अफ्रिये, चौथं आणि पाचवं पान मी उलटलं. दोन्ही एकदम. चूक माझी होती. तुझं वर्ष मी घालवलं."

"माहितीये."

"मी यायला हवं होतं सांगायला."

"हो. यायला हवं होतं." तिनं वाचलेला कागद उलटा करून बाजूला ठेवला, पुढचा घेतला, कोपरा चोळून तो एकच आहे ना ते बघितलं. "पाय वर घ्या, मॅडम. अजून नऊ पानं आहेत."